रडताना मानेत फुगणारी शीर: मुलांमधले शिरांचे ॲन्युरिझम कसे ओळखायचे, कुठे थांबायचं, कुठे हात घालायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा ६ वर्षांचा. ओरडला, खोकला, कबड्डी खेळताना दम धरला की मानेच्या उजव्या बाजूला लिंबाएवढी गाठ वर येते आणि गप्प झाला की पुन्हा दिसेनाशी होते. दुखत काही नाही, चेहरा सुजणं, दम लागणं असलंही काही नाही. सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘राइट इंटर्नल ज्युग्युलर व्हेन ॲन्युरिझम’, म्हणजे मानेतल्या उजव्या मोठ्या शिरेला आलेला फुगा, असं लिहून आलं. एका सर्जननी ऑपरेशन लवकर उरकून घ्या म्हणून सांगितलं, दुसऱ्यांनी आधी सुई टाकून तपासू या म्हटलं. घरच्यांनी मोबाइलवर शोधलं तर मेंदूतला रक्तस्राव, पायातली गुठळी फुप्फुसात जाणं असलं काय काय समोर आलं आणि सगळ्यांची झोप उडाली. आईचे प्रश्न तीन: हे फुटेल का, ऑपरेशन करायचं का, आणि शाळेतली कबड्डी बंद करायची का?

ताई, वर्णन असंच असेल तर तिन्हींचं उत्तर ‘नाही’ आहे. सुई तर अजिबात टाकू देऊ नका. शीरच आहे हे कळल्यावर तिच्यात सुई खुपसून मिळणार काय? रक्तच. आणि फुगलेल्या शिरेतून नंतर मानेत रक्त साकळलं तर तो ताप वेगळाच.

तुम्ही वाचलेलं खोटं नव्हतं, पण ते दुसऱ्याच शिरांबद्दल होतं. मुलांमधल्या शिरांच्या ॲन्युरिझमचा सगळा निकाल शीर कुठली यावर लागतो. मानेतली असेल तर बहुतेक वेळा नुसतं लक्ष ठेवायचं. पायातली खोलवरची असेल तर सहसा ऑपरेशन. मेंदूतली असेल तर उपचार करायचेच, पण नेमके कधी, यावर सगळं अवलंबून. रिपोर्टात शब्द तोच येतो, म्हणून घोळ होतो. आधी तुमच्या मुलाचं बघू.

मेंदूकडून हृदयाकडे परतणारं रक्त मानेतल्या दोन मोठ्या शिरांतून खाली येतं, एक उजवीकडे, एक डावीकडे. आपण दम कोंडून जोर लावला, म्हणजे कुंथलो, ओरडलो, खोकलो, की छातीतला दाब वाढतो, खाली जाणारं रक्त तेवढ्यापुरतं तुंबतं आणि या शिरा फुगतात. हे सगळ्यांचंच होतं. भजनात वरचा सूर धरलेल्या बुवांची मान बघा. काही मुलांत मात्र शिरेचा एखादा भाग जरा जास्तच सैल असतो आणि तिथे सायकलच्या ट्यूबला फुगवटा यावा तसा ठळक फुगा येतो. याला ‘फ्लेबेक्टेशिया’ असंही म्हणतात. काही रेडिओलॉजिस्ट हा शब्द लिहितात, काही ॲन्युरिझम लिहितात. दोन रिपोर्टांत दोन नावं आली म्हणून दोन आजार झाले असं समजू नका.

उजव्या बाजूलाच का, असं बरेच आईवडील विचारतात. उजव्या बाजूची शीर जवळपास सरळ रेषेत छातीत उतरते आणि खाली उजव्या फुप्फुसाच्या टोकाला खेटून असते, त्यामुळे छातीतला दाब तिला थेट लागतो. डावीकडचा रस्ता लांब आणि आडवा आहे. शिवाय निरोगी मुलांतही उजवी शीर बहुधा डावीपेक्षा मोठीच असते. त्यामुळे ‘उजवी शीर डावीपेक्षा रुंद आहे’ एवढ्या एका वाक्यावर कुणी आजाराचा शिक्का मारला असेल, तर मी तो रिपोर्ट पुन्हा करायला लावतो. हा प्रकार मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त दिसतो आणि बहुधा शाळेत जायच्या वयात लक्षात येतो. पूर्वीपासून थोडं असतंच. मूल मैदानावर ओरडायला लागतं, फोटो निघायला लागतात, आणि मग कुणाच्या तरी नजरेत भरतं.

निदान करायला मोठी यंत्रं लागत नाहीत, थोडी युक्ती लागते. ओपीडीत मूल घाबरून गुपचूप बसतं. मान सपाट, गाठ गायब, आणि डॉक्टर म्हणतात, मला तर काहीच दिसत नाही. म्हणून आईवडिलांना माझं पहिलं सांगणं असतं की घरी तो ओरडत किंवा रडत असताना मोबाइलवर व्हिडिओ काढून आणा. समोरून एक, बाजूने एक. उजेड खिडकीचा असू द्या. असा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाहिला की निम्मं निदान झालेलं असतं.

मग हाताने तपासायचं. गाठ मानेच्या त्या तिरक्या स्नायूच्या पुढच्या कडेला किंवा त्याच्या खाली, गळ्याच्या हाडाच्या थोडी वर असते. मऊ लागते, दाबली की रिकामी होते, सोडली की पुन्हा भरते. मूल आडवं असताना जास्त दिसते, ताठ बसलं की कमी. तिच्यात नाडीसारखे ठोके लागत नाहीत आणि स्टेथोस्कोप ठेवला तर फुरफुर ऐकू येत नाही. ठोके किंवा फुरफुर असेल तर गोष्ट बदलली. मग धमनीचं रक्त थेट शिरेत शिरतंय का, हे शोधावं लागतं.

खरी तपासणी म्हणजे डॉपलर, म्हणजे आतलं रक्त वाहताना दाखवणारी सोनोग्राफी, आणि ती कशी केली यावर सगळं आहे. मूल पाठीवर झोपवायचं, मानेखाली छोटी उशी. मानेवर जेल भरपूर ओतायचं आणि प्रोब, म्हणजे मशीनचा हातात धरायचा भाग, जेलवर तरंगतोय इतका हलका धरायचा. इथेच गडबड होते. प्रोब नेहमीसारखा दाबून धरला की शीर चपटी होते आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. हलक्या हाताने आधी शांत श्वासातलं माप घ्यायचं, मग मुलाला जोर लावायला सांगायचं. सहा वर्षांच्या पोराला ‘दम कोंड आणि कुंथ’ म्हणून कळत नाही. त्याच्या हातात १० मिलीची रिकामी सिरिंज द्यायची आणि टोकाला तोंड लावून आतला दट्ट्या फुंकून बाहेर काढ म्हणायचं. दट्ट्या सहज हलत नाही, पोर इरेला पेटतं, गाल फुगतात, आणि पडद्यावर ती शीर डोळ्यांदेखत दुप्पट होते. फुगाही चालतो, पण फुंकताना मूल मान हलवतं. तान्ह्या बाळाला काही सांगावं लागत नाही, प्रोब लावला की ते रडतंच.

त्या वेळी बघायचं ते असं: दोन्ही बाजूंची मापं, शांत आणि जोर लावून, फुगा सगळीकडून सारखा आहे की एका बाजूला पिशवीसारखा लोंबतोय, आत रक्त वाहतंय की संथ होऊन गुठळी धरायला लागलंय, शीर दाबल्यावर पूर्ण मिटते का, आणि खाली छातीच्या तोंडाशी तिला कुणी बाहेरून दाबत तर नाही ना. किती मिलिमीटर म्हणजे आजार, असा सगळ्यांना मान्य आकडा मुलांसाठी नाही. म्हणून एका आकड्यापेक्षा शांत आणि जोर लावलेल्या मापांतला फरक, आणि सहा महिन्यांनी त्यात पडलेला बदल, यांना जास्त किंमत द्यावी. रिपोर्टात दोन्ही मापं नसतील तर तपासणी अर्धीच झालीय.

छातीचा एक साधा एक्स-रे मी काढून घेतो. छातीच्या वरच्या भागात मोठी गाठ असेल, उदाहरणार्थ लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, तर ती शिरांवर दाब देऊन मान फुगवू शकते. अशा मुलांत मात्र इतर खुणा असतात: सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला, आडवं पडलं की दम लागणं, खोकला, वजन घटणं, छातीवर निळ्या शिरांचं जाळं. तुमच्या मुलात यातलं काही नाही, हे तुम्हीच लिहिलंय.

सीटी स्कॅन मात्र उगाच करू नका. किरणांचा मुद्दा आहेच, शिवाय त्यात एक गमतीदार सापळा आहे. लहान मूल स्थिर राहावं म्हणून त्याला झोपेचं औषध देतात. झोपलेलं मूल कुंथत नाही. कुंथलं नाही की शीर फुगत नाही. स्कॅन येतो नॉर्मल, आणि आईवडील बुचकळ्यात पडतात की मग रोज दिसते ती गाठ कसली? काही कारणाने सीटी किंवा एमआर व्हेनोग्राफी (एमआरआयने काढलेलं शिरांचं चित्र) करायचीच झाली, तर मुलाला नळी घालून भूल दिलेली असताना भूलतज्ज्ञ फुप्फुसात दाब देऊन काही सेकंद श्वास धरून ठेवू शकतात. तेवढ्या वेळात फोटो घेतला तर फुगा सापडतो. पण ऑपरेशन ठरत नसेल तर याची गरजच पडत नाही.

दुसरं काय असू शकतं? आपल्याकडे मानेत गाठ म्हटलं की पहिला संशय गंडमाळांचा, म्हणजे टीबीच्या गाठींचा, आणि त्यात वावगं काही नाही. पण टीबीची गाठ दम कोंडल्यावर येत नाही आणि सोडल्यावर जात नाही, ती तिथेच असते. नुसती ‘मानेत गाठ आहे’ एवढ्यावर टीबीची औषधं सुरू झालेली मुलं येतात तेव्हा वाईट वाटतं. जन्मजात पाण्याची गाठ, म्हणजे सिस्टिक हायग्रोमा, रडताना जरा मोठी वाटते पण एरवीही असते आणि बॅटरी लावली की उजळते. कुंथल्यावरच येणाऱ्या गाठींची यादी छोटी आहे: ही शीर, स्वरयंत्राजवळची हवेची पिशवी, आणि फुप्फुसाचं टोक मानेत वर सरकणं. मागच्या दोन्हींत हवा असते, त्यामुळे सोनोग्राफीत आणि जोर लावून काढलेल्या एक्स-रेत त्या लगेच वेगळ्या कळतात. एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. तान्ह्या बाळात दोन्ही बाजूंना असे फुगे असतील, केस विरळ, फिकट, तारेसारखे पिळलेले असतील आणि वाढ मागे पडत असेल, तर तांब्याच्या पचनाशी संबंधित मेन्केस नावाचा आनुवंशिक आजार तपासावा लागतो. सहा वर्षांच्या धडधाकट मुलाला तो लागू नाही.

उपचारांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: त्रास नसेल तर हात लावू नये. ही शीर आपोआप फुटण्याची भीती व्यवहारात धरली जात नाही. आत गुठळी होणं शक्य आहे, पण फार क्वचित. बरीच मुलं वर्षानुवर्षं तशीच राहतात, काहींचं वाढीबरोबर कमी जाणवू लागतं. सहा महिन्यांनी एकदा आणि मग वर्षातून एकदा डॉपलर, शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच पद्धतीने, एवढं पुरतं. जुनाट खोकला किंवा बद्धकोष्ठ असेल तर त्याचा इलाज करा. रोज शौचाला कुंथणाऱ्या मुलाची शीर रोज ताणली जाते.

ऑपरेशन कधी? गाठ एवढी मोठी झाली की मूल शाळेत चेष्टेला कंटाळलं, आवाज बदलतोय, गिळताना अडकल्यासारखं होतंय, दुखतंय, गुठळी झालीय, किंवा दर तपासणीत माप वाढतच चाललंय, तर विचार करावा. दोन रस्ते आहेत. एक, त्या बाजूची शीर बांधून फुगलेला भाग काढून टाकणं. दुसऱ्या बाजूची शीर ठणठणीत असेल तर मेंदूचं रक्त तिकडून उतरतं आणि बहुतेक मुलांना काही जाणवत नाही. पण उजवी शीर हीच मुख्य असेल आणि डावी जन्मतः बारीक असेल, तर उजवी बांधल्यावर डोकेदुखी, चेहऱ्याला सूज, आणि क्वचित मेंदूला सूज असे प्रकार होऊ शकतात. म्हणून ऑपरेशनपूर्वी डाव्या शिरेची तपासणी झालीय का हा प्रश्न सर्जनना जरूर विचारा. दोन्ही बाजूंच्या शिरा एकाच वेळी बांधायच्या नाहीत, यावर दुमत नाही. दुसरा रस्ता म्हणजे शीर न तोडता तिला बाहेरून आवळणं: टाके घालून घेर कमी करायचा किंवा कृत्रिम आवरण गुंडाळायचं. यात रक्ताचा रस्ता चालू राहतो. मला हा पर्याय जास्त पटतो, पण वाढत्या वयाच्या मुलात गुंडाळलेलं आवरण घट्ट होऊ नये याचं भान ठेवावं लागतं. आणि दिसण्यासाठी म्हणून ऑपरेशन करायचं तर मानेवरचा व्रणही कायम दिसणार, हे मुलाला विचारून ठरवावं. दहा-बारा वर्षांचं मूल याबद्दल स्वतःचं मत चांगलं सांगू शकतं. तोवर थांबल्याने काही बिघडत नाही.

ताबडतोब डॉक्टरांकडे जायचं ते या वेळी: गाठ शांत बसल्यावरही जात नाही, कडक लागते, दुखते, ताप आहे, त्या बाजूची पापणी खाली झुकलीय आणि बाहुली लहान दिसतेय, किंवा चेहरा सुजतोय, आडवं पडवत नाही.

आता तुम्ही जे वाचून घाबरलात त्याकडे.

फुप्फुसात गुठळी जाण्याची गोष्ट पायातल्या खोल शिरेची आहे, विशेषतः गुडघ्यामागच्या लवणीतून जाणाऱ्या पॉप्लिटियल शिरेची. मोठ्यांतही ती दुर्मीळ, मुलांत तर फारच. पण सापडली तर गय करायची नाही. तिथल्या फुग्यात रक्त भोवऱ्यासारखं फिरत राहतं, गुठळी धरते, आणि चालताना पोटरीचे स्नायू पिळले की ती सुटून वर जाते. पिशवीसारखा फुगा असेल किंवा आत गुठळी असेल तर ऑपरेशनच सुचवतात. सगळीकडून सारख्या फुगलेल्या शिरेत मोठ्या माणसांसाठी सुमारे २० मिलिमीटरची मर्यादा धरतात, मुलांत ती तशीच्या तशी लावता येत नाही. ऑपरेशनमध्ये फुगलेला भाग कापून शिरेची भिंत पुन्हा शिवतात, आणि नंतर काही महिने रक्त पातळ ठेवण्याची औषधं चालतात. नुसत्या औषधांवर भरवसा ठेवता येत नाही.

यात रोजच्या कामाचा मुद्दा एवढाच: मुलाच्या गुडघ्यामागे मऊ गाठ दिसली तर ती बहुतेक वेळा बेकर्स सिस्ट, म्हणजे सांध्यातल्या पाण्याची पिशवी असते, निरुपद्रवी, बरेचदा आपोआप जिरणारी. तिच्यात पाणी आहे म्हणून सुई घालून काढू या, असं कुणी म्हटलं तर आधी डॉपलर करून आत रक्त वाहत नाही ना, हे बघायला सांगा. दहा मिनिटांचं काम आहे.

पायाचा आणखी एक प्रकार मुलांत जास्त भेटतो. १९०० साली क्लिपेल आणि त्रेनोने या फ्रेंच डॉक्टरांनी वर्णन केलेल्या आजारात एका पायावर जन्मापासून लालसर-जांभळा डाग असतो, तो पाय जाड किंवा लांब वाढतो आणि मांडीच्या बाहेरच्या कडेने एक मोठी वेडीवाकडी शीर वर चढत जाते. ही गर्भावस्थेतली शीर. जन्मापूर्वीच ती मिटायला हवी होती. मूल चालायला लागलं की ती फुगून ठळक होते. तिच्यातूनही गुठळ्या फुप्फुसात जाऊ शकतात, खास करून एखाद्या ऑपरेशनच्या आसपास. म्हणून हल्ली ती लवकर बंद करण्याकडे कल आहे, आतून लेझरने किंवा बांधून. पण त्याआधी एमआर व्हेनोग्राफीने पायातली खोल शीर मुळात आहे का हे पाहावंच लागतं. काही मुलांत ती जन्मतः अपुरी असते आणि पायाचं सगळं रक्त त्या वेड्यावाकड्या शिरेतूनच वर जात असतं. ती काढली तर पाय सुजून बसेल.

पोटातल्या यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेचा फुगा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत अचानक सापडतो. गुठळी नसेल आणि यकृत नीट असेल तर त्यावरही लक्षच ठेवतात.

राहिली मेंदूतली गोष्ट. तिचं नाव ‘व्हेन ऑफ गेलन ॲन्युरिझम’, पण ती मुळात शिरेची कमजोरी नाही. गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांतच मेंदूच्या मध्यावरच्या एका शिरेत धमन्या थेट उघडतात, मधलं बारीक जाळं तयारच होत नाही. धमनीच्या दाबाचं रक्त सरळ शिरेत कोसळतं आणि शीर फुग्यासारखी होते. नाव गेलनच्या शिरेचं पडलं असलं तरी फुगलेली असते ती गर्भातली, मार्कोव्हस्की यांच्या नावाने ओळखली जाणारी शीर. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत हे बहुधा दिसत नाही, शेवटच्या तीन महिन्यांत दिसू लागतं.

बाळ जन्मतं आणि एक-दोन दिवसांत धापा टाकू लागतं. वाटतं, हृदयाचा आजार. इकोत हृदयाची रचना ठीक दिसते, पण उजवी बाजू फुगलेली आणि डोक्याकडून येणारी मोठी शीर ताणलेली. अशा वेळी अनुभवी बालरोगतज्ज्ञ स्टेथोस्कोप छातीवरून उचलून टाळूवर ठेवतात आणि तिथे सूं-सूं आवाज ऐकू येतो. टाळूतूनच सोनोग्राफी केली की निदान समोर. नाळ कापल्यावर कमी रोधाचा एकच रस्ता उरतो, तो डोक्यातला. हृदय पंप करत राहतं आणि बरंचसं रक्त डोक्यातून फिरून परत येतं, मूत्रपिंड आणि आतड्याला पुरत नाही. सौम्य प्रकारात बाळ तगतं, पण काही महिन्यांनी डोक्याचा घेर भराभर वाढतो. तेव्हा डोक्यातलं पाणी काढायला नळी टाकावी असा मोह होतो. शक्यतो तसं करत नाहीत. पाणी साचण्याचं कारण शिरेतला वाढलेला दाब आहे, म्हणून आधी तो कमी करायचा.

पूर्वी कवटी उघडून ऑपरेशन करत, त्यात फार बाळं दगावत. १९८० च्या दशकापासून पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पिएर लाजोनियास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तवाहिनीतून बारीक नळी नेऊन आतूनच त्या वाटा गोंदाने बंद करण्याची पद्धत बसवली, आणि कुणाला कधी करायचं हे ठरवण्यासाठी २१ गुणांचा तक्ता दिला. हृदय, मेंदू, श्वास, यकृत, मूत्रपिंड या पाच गोष्टींना गुण. १२ पेक्षा जास्त असतील तर औषधांवर बाळ सांभाळून साधारण पाच महिन्यांचं होऊ द्यायचं. ८ ते १२ असतील तर तातडीने नळीचा उपचार. ८ पेक्षा कमी असतील तर बहुधा फार उशीर झालेला असतो. आज काही केंद्रं या रेषा थोड्या वेगळ्या ओढतात, पण विचार तोच आहे. नवजात बाळाची रक्तवाहिनी धाग्याएवढी, रक्तवाहिन्या एक्स-रेत दिसाव्यात म्हणून सोडायचं रंगद्रव्य वजनाच्या हिशोबाने मोजूनच द्यावं लागतं, म्हणून सगळं एका बैठकीत बंद करत नाहीत. पहिल्या दिवसांत नाळेतली धमनी उघडी असेल तर तिथूनच शिरतात, मांडीतली वाचते. मार्च २०२३ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी ३४ आठवड्यांच्या गर्भावर, आईच्या पोटात असतानाच, हा उपचार केला. ती सुरुवात आहे. आपल्याकडच्या बाळांसाठी आजचा रस्ता जन्मानंतरचाच, आणि तोही जिथे नवजात अतिदक्षता विभाग आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे इंटरव्हेन्शनल तज्ज्ञ एकाच छताखाली आहेत तिथे. गर्भात निदान झालं असेल तर बाळंतपण अशाच ठिकाणी करावं, जन्मल्यावर रुग्णवाहिकेतून धावपळ करू नये. आईवडिलांपैकी कुणाच्या अंगावर छोटे गुलाबी डाग विखुरलेले असतील तर तेही डॉक्टरांना दाखवा. ‘आरएएसए१’ आणि ‘ईपीएचबी४’ या जनुकांतला बदल घराण्यात असू शकतो.

यातलं काहीही तुमच्या मुलाच्या मानेतल्या शिरेशी जोडलेलं नाही. तिच्यासाठी मेंदूचा एमआरआय करायला सांगितला असेल आणि मूल एरवी नीट असेल, तर का, हे विचारा.

कबड्डी खेळू द्या. चढाईत दम धरल्यावर गाठ वर येईल, परत आला की जाईल. पीटीच्या सरांना एकदा सांगून ठेवा, म्हणजे मैदानावर कुणी घाबरून मान चोळायला नको. पोहणं, सायकल, बासरी, सगळं चालेल. गळ्यावर थेट मार बसेल अशा कुस्तीच्या डावांना मी नको म्हणतो, तेही खबरदारी म्हणून.

एक गोष्ट मात्र फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. पुढे कधी टॉन्सिल, अपेंडिक्स, हात मोडला, कशासाठीही भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना हे आधी सांगायचं. मोठ्या आजारपणात मानेच्या उजव्या शिरेत सलाइनची नळी टाकायची पद्धत आहे. तुमच्या मुलात शक्यतो दुसरी जागा निवडतील.

दुसरं मत हवं असेल तर ते बालशल्यचिकित्सकांचं घ्या, मुलांची डॉपलर नेहमी करणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडे फेरतपासणी करून. मुंबईत परळचं वाडिया हे मुलांचंच रुग्णालय आहे, आणि मोठ्या शहरांतल्या बऱ्याच सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत बालशल्य विभाग असतो. अंगणवाडीत किंवा शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांच्याकडून जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मिळते. जाताना जुन्या सोनोग्राफीचा नुसता कागद नको, फिल्म किंवा सीडी न्या, मोबाइलमधला तो व्हिडिओ न्या, आणि एक रिकामी १० मिलीची सिरिंज खिशात ठेवा. प्रत्येक सेंटरवर ती हाताशी असेलच असं नाही.